जिन्यावरची चार मिनिटं

नवी : ...सगळं नोंदवलंय, ताई. वार, तारीख, किती वाजता उठले, किती वाजता येऊन बसले. पंधरा दिवसांत अकरा वेळा. साहेबांनी कागद समोर धरून वाचायला दिला, हातात नाही दिला.

ताई : बाई गं! एवढा रिकामा वेळ असतो तरी कुणाला?

नवी : मीही तेच म्हटलं. साडेतीनला इथे येणार आहेत साहेब. "लोक लिफ्टमध्ये अडकून फोन करतात आणि तुम्ही खुर्ची सोडून जिन्यावर जाऊन बसता. का, ते लेखी द्या," म्हणाले. नाही पटलं तर फोनवरून काढून गोदामात पाठवणार. सुट्या भागांच्या याद्या करायला.

ताई : गोदाम काही वाईट नाही हं. गार असतं. कानात कुणी किंचाळत नाही.

नवी : तुम्ही गेला असतात?

ताई : मला कोण नेतंय! चौदा वर्षं बसलेय या खुर्चीवर. आता मला उठवायचं तर खुर्चीसकट उचलावं लागेल. चहा सांगू?

नवी : नको. ताई, तो कागद म्हणजे त्या ताणतणावाच्या बाईंनी वाटलेला फॉर्म आहे. "कामाच्या ठिकाणी तुम्हाला कशाचा ताण येतो?" त्याच्या खाली हे सगळं लिहिलंय.

ताई : अस्सं. मी तर विसरूनही गेले होते तो फॉर्म. त्या बाई म्हणाल्या, डोळे मिटा आणि समुद्र डोळ्यांसमोर आणा. मी आणला, तेवढ्यात फोन वाजला. माझा समुद्र तिथेच राहिला.

नवी : फॉर्म निनावी होता.

ताई : मग झालं तर. निनावी म्हणजे निनावी. लिहिलं असेल कुणीतरी.

नवी : या खोलीत दोनच खुर्च्या आहेत, ताई.

ताई : म्हणजे? संध्याकाळच्या पाळीचे नाहीत का? तो लांब मिशांवाला तर कुणाचंही उकरून काढतो. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

नवी : ते सहाला येतात. मी सहाला घरी निघते. माझ्या वेळा त्यांना कशा कळणार?

ताई : हे बघ, चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालंय तुझं. लिहिलं कुणी ते शोधत बसण्यापेक्षा, लिहिलं ते खरं की खोटं ते सांग. उठतेस ना तू?

नवी : उठते. खोटं काहीच नाही त्यात. फक्त एका मंगळवारी पाच मिनिटं लिहिलीत, तेव्हा चारच होती.

ताई : पाच होती. भिंतीवरच्या घड्याळात बघून लिहिलीत मी... अशी बघू नकोस माझ्याकडे.

नवी : मी काही बोलले का?

ताई : बोल ना मग! तोंडाला कुलूप लावून बसते ती. बोल, भांड, कप आपट माझा. तेही शांतपणे घेणार तू. थांब, फोन.

नवी : घ्या.

ताई : लिफ्ट मदत केंद्र, बोला. ...हो, ऐकतेय. ...कितव्या मजल्याच्या मध्ये? ...बरं. इमारतीचं नाव? ...मिळालं. एकट्याच आहात? ...दिवा चालू आहे ना? मग छान आहे. वर जाळी आहे तिथून हवा येते, भरपूर येते, काळजी नको. दार ढकलायचं नाही हं. नवी, सहा नंबरच्या मिस्त्रीला लाव.

नवी : लावला. वीस मिनिटं म्हणतोय.

ताई : निघालाय आमचा मिस्त्री, पंधरा मिनिटांत पोचतो. ...नाही, खाली पडत नाही लिफ्ट. तिला तसं करताच येत नाही, अडकलीय म्हणजे तिने स्वतःला घट्ट धरून ठेवलंय. ...हातात काय आहे तुमच्या? ...अंडी? किती? ...तीस! अहो, मग आधी तो ट्रे खाली ठेवा. हळू. ...ठेवला? आता तुम्हीपण बसा त्याच्या शेजारी. ...बसा हो, कपडे धुता येतात. आता मला एक सांगा, धक्का बसला तेव्हा फुटलं का एखादं? एकेक उचलून बघा. पहिली ओळ. ...तडकलंय? कोपऱ्यातलं की मधलं? ...ते वेगळं ठेवा. पुढची ओळ. ...हो, मी आहे इथेच. मी कुठेही जात नाही. पुढची ओळ.

नवी : मिस्त्री पोचला, ताई. वरच्या यंत्राच्या खोलीत चढतोय.

ताई : आला बघा आमचा माणूस, आवाज येईल आता वरून. ...आला ना? ...किती फुटली मग एकूण? ...दोनच! तीसमधली दोन म्हणजे काहीच नाही. ...उघडलं? पाय जपून टाका, उंबऱ्यासारखं वर असेल. ...ट्रे विसरू नका. ...अहो, आभार कसले. ठेवते.

नवी : काय सुंदर केलंत हो.

ताई : मस्का लावू नकोस.

नवी : मस्का नाही. मला अंड्यांचं सुचलं नसतं. मूठ सोडा.

ताई : काय?

नवी : डावी मूठ. फोन ठेवून झाला, अजून आवळलेली आहे. नखं रुतलीत. उठा, दोन पावलं चालून या. तुमचा फोन मी घेते.

ताई : मी उठत नाही. उठणाऱ्यांतली नाही मी. चौदा वर्षांत एकही वाजणारा फोन सोडून गेलेली नाही.

नवी : हेच आहे का मग त्याच्यामागे? मी उठते आणि माझे फोन तुमच्यावर पडतात, हे? तसं सांगायचं होतं ना मला. मी वेळ बदलली असती.

ताई : फोनचं काही नाही गं. फोन काय, मी दोन्ही हातांनी घेईन.

नवी : मग काय केलं मी तुमचं?

ताई : तू डबा खातेस.

नवी : काय?

ताई : डबा खातेस! त्या वकीलबाई अडकल्या होत्या ना, चाळीस मिनिटं? भिंतींवर लाथा मारत होत्या. तुझ्या फोनवर होत्या त्या, पण इथपर्यंत मला ऐकू येत होतं. दार उघडलं, तू उठलीस, जिन्यावर गेलीस, आलीस, आणि डबा उघडून भाजीचा वास घेतलास. वास! "आज मीठ बरोबर पडलंय," म्हणालीस. फोन माझा नव्हता तरी मला दोन दिवस घास गिळवेना. आणि तू मिठाचं बोलत होतीस. अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

नवी : भूक लागली होती, ताई.

ताई : तेच! तुला भूक लागते. तुला झोप लागते. लागते ना झोप?

नवी : लागते.

ताई : लगेच?

नवी : पडल्या पडल्या.

ताई : बघ! कशी सांगते बघ, जशी काही सगळ्यांनाच लागते! माझ्या डोक्यात रोज लिफ्ट वर-खाली करत असते. आमचे हे म्हणतात, "घरात लिफ्ट नाही तरी तू अडकलेलीच." पोटाची आग थांबत नाही, गोळ्या खाऊन खाऊन जीभ पांढरी झाली. आणि सोमवारी त्या समुद्रवाल्या बाई तुला उभं करतात सगळ्यांपुढे! "यांच्याकडे बघा, तीन वर्षांत एकदाही आजारपणाची रजा नाही, यांच्याकडून शिका." टाळ्या! मी पण वाजवल्या. तळहात लाल होईपर्यंत वाजवल्या, कारण नाही वाजवल्या तर दिसलं असतं. मी तुझ्याकडून शिकू? तुला फोन धरायला मी शिकवलं! तुला अजून नवी म्हणतात इथे!

नवी : तुम्हीच म्हणता नवी. बाकीचे ऐकून म्हणायला लागले.

ताई : आणि म्हणणारच. त्याच दुपारी भरला मी फॉर्म. वेळा आधीपासून टिपून ठेवल्या होत्या. का, ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. जळत होते मी. आता झालं समाधान? सांग साहेबांना, ही म्हातारी माझ्यावर जळते.

नवी : साहेबांना मी काहीच सांगणार नाही. पण मला राग आलाय, ताई. फार आलाय. माझ्या घरी माझ्या पगारावर दोघं अवलंबून आहेत ते तुम्हाला माहीत आहे. मला गोदाम नको. मला हेच काम येतं आणि हेच आवडतं. तीन वर्षं हातभर अंतरावर बसलोय आपण, एकदा विचारता आलं असतं की तू जिन्यावर करतेस काय.

ताई : काय विचारायचं? "का गं, तू सुखी कशी?" असं कुणी विचारतं का?

नवी : मी सुखी नाहीये तिथे. थरथरत असते.

ताई : कोण, तू?

नवी : पहिलं मिनिट तर कठडा धरावा लागतो. त्या वकीलबाईंच्या वेळी उलटी झाली मला. डबा उघडला तो पोट रिकामं झालं म्हणून.

ताई : काहीतरीच. तुझा आवाज तर दगडासारखा असतो.

नवी : फोनवर असतो. इथे दिसत नाही तुम्हाला, कारण मी ते जिन्यावर नेते. मी कामाला लागले तेव्हा पहिल्या आठवड्यात मला मिस्त्रींबरोबर जागेवर पाठवलं होतं, काम बघायला. म्हातारे मिस्त्री होते ना आपले, जाड चष्मा?

ताई : मोठे मिस्त्री. मी त्यांना तू शाळेत होतीस तेव्हापासून ओळखते.

नवी : त्यांनी एका कुटुंबाला बाहेर काढलं. छोटं मूल होतं, निळं पडलं होतं रडून. सगळे बाहेर आले, मिस्त्रींनी हत्यारं बाजूला ठेवली आणि पायरीवर बसले. दोन्ही हात मांडीवर, उताणे. बघत राहिले हातांकडे. तेवढ्यात पुढच्या कामाचा फोन आला. तो घेतला नाही त्यांनी. मी विचारलं, अहो, फोन? तर म्हणाले, "थरथर थांबल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. थरथरत्या हातात पाना धरला की एक तर बोट जातं, नाहीतर पुढचा माणूस जातो." सगळे मिस्त्री करतात हे, ताई. कुणी बिडी ओढतं, कुणी नुसतं बसतं. चार मिनिटं, पाच मिनिटं. त्यांच्यात नियमच आहे तो. कुठे लिहिलेला नाही, एवढंच.

ताई : मला नाही सांगितलं कधी.

नवी : विषय निघाला नसेल.

ताई : चौदा वर्षं! दिवाणखान्यात नेऊन चहा पाजलाय त्यांनी मला. मुलीच्या लग्नात पहिल्या रांगेत बसवलं. आणि हे तुला सांगितलं, पहिल्या आठवड्यात!

नवी : आता त्याचाही हेवा?

ताई : करते! काय करू? जित्याची खोड.

नवी : तुम्ही कधी जागेवर गेलात का पण, काम बघायला?

ताई : मी लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, तुला माहीत आहे. सात मजले चालत येते. तू बसतेस त्याच पायरीवरून येते रोज.

नवी : केव्हापासून?

ताई : नऊ वर्षं झाली.

नवी : काय झालं होतं?

ताई : एक आजोबा होते. पस्तीस मिनिटं बोलत होते माझ्याशी. बायकोची औषधं आणायला निघाले होते. मला म्हणाले, तुझा आवाज माझ्या धाकट्या बहिणीसारखा आहे. मग बोलता बोलता थांबले. मी हाका मारतेय, आजोबा, आजोबा. काही नाही. मिस्त्री पोचल्याचं कळलं, दार उघडल्याचं कळलं, आणि लाइन तुटली.

नवी : गेले?

ताई : ऐक ना. त्याच क्षणी दुसरा फोन. उचलला मी. कुणीतरी बाई, आमच्या लिफ्टमधला दिवा लुकलुकतो म्हणून. मी म्हटलं, "नोंद केली, धन्यवाद." पत्ता विचारला, पिन विचारला, सगळं नीट लिहून घेतलं. मग तिसरा फोन, मग चौथा. संध्याकाळी पर्स घेतली आणि घरी गेले. ते आजोबा वाचले होते, नवी. चक्कर आली होती, संध्याकाळी घरी जाऊन जेवलेसुद्धा. मला तीन आठवड्यांनी कळलं, तेही बोलण्याच्या ओघात. तीन आठवडे मी एका जिवंत माणसासाठी रडत होते.

नवी : कुणी सांगितलं नाही?

ताई : मी विचारलंच नाही कुणाला. उठले असते तर विचारलं असतं. माझी समजूत अशी, की त्रास होतो म्हणजेच काम मनापासून होतं. ज्याला घास गोड लागतो त्याला काही पडलेली नाही. तुझ्याकडे बघितलं की ती समजूत डगमगायची. आणि ती डगमगली की मी चौदा वर्षं काय केलं, असं व्हायचं. त्यापेक्षा तू कामचुकार असणं सोपं होतं.

नवी : मग आता ते लेखी गेलंय. तुमच्या सोयीचं.

ताई : फॉर्म मागे घेता येतो का गं?

नवी : निनावी फॉर्म मागे घ्यायचा तर आधी नाव सांगावं लागेल.

ताई : तेही आहे. आणि नाव सांगितलं की उद्यापासून सगळी इमारत माझ्याकडे बोट दाखवणार. ती बघा, शेजारणीची मिनिटं मोजणारी.

नवी : मोजलीत तुम्ही.

ताई : एवढं तरी गोड बोल! किती वाजले?

नवी : साडेतीनला दोन कमी.

ताई : तू लिहिलंस का उत्तर?

नवी : लिहिलं. "मी चार मिनिटं उठते, कारण त्याशिवाय मला पुढचा फोन नीट घेता येत नाही." एवढंच सुचलं.

ताई : मिस्त्रींचं नाही लिहिलंस?

नवी : त्यांच्यावर बालंट नको. उद्या त्यांच्याही पायरीवर घड्याळ घेऊन बसेल कुणीतरी.

[साहेब आत येतात. हातात फॉर्म, दुमडलेला.]

साहेब : बसा, बसा. उठू नका. म्हणजे उठण्याचाच विषय आहे म्हणा. दिलं का लेखी?

नवी : हो, सर. हे घ्या.

साहेब : दोनच ओळी? असं आहे, माझं वैयक्तिक काहीच नाही. पण वरून विचारणा आलीय. सर्व शाखांमधून ताणाची कारणं मागवली होती, प्रत्येक कारणावर काय उपाय केला ते कळवायचंय. आपल्या शाखेतून एकच कारण आलं. बाकीच्यांनी "काही नाही" लिहिलंय. म्हणजे आपला सगळा ताण तुम्हीच आहात, मॅडम.

नवी : मला गोदामात पाठवलं की ताण संपेल?

साहेब : रकाना तरी भरेल. ताई, तुम्ही ज्येष्ठ आहात, तुमचं ऐकूनच ठरवतो. स्पष्ट सांगा, संकोच करू नका. या उठून जातात, त्याचा तुम्हाला त्रास होतो का?

ताई : होतो.

साहेब : बघा.

ताई : खूप होतो, साहेब. पण आधी एक लिहून घ्या. ही उठली त्या अकरा वेळांत आठ फोन आले. आठही मी पहिल्या तीन घंटांत उचलले. एकही चुकला नाही. तपासायचं तर यंत्रात नोंद आहे.

साहेब : आठ, हे तुम्हाला कसं ठाऊक?

ताई : त्याच वहीत टिपलेत. फॉर्मवर तेवढे उतरवले नाहीत मी.

साहेब : म्हणजे हा फॉर्म...

ताई : माझा आहे. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलाय, म्हणून ओळी तिरक्या गेल्यात.

साहेब : अहो ताई! हे तुम्हाला शोभतं का? आणि मला आता वर काय कळवायचं? फोन चुकले नाहीत, काम अडलं नाही, कुणी ओरडलं नाही. मग तक्रार तरी कसली आहे तुमची?

ताई : हिला रात्री झोप लागते, साहेब. मला लागत नाही. तक्रार एवढीच आहे.